ब्याड

सांबऱ्याहून त्यांना मीच आणलं, सोमवारी.
तो रेंझो, ती ऑर्नेला. नावं तोंडात बसेपर्यंत
मुतगा मागं पडलं होतं.
इटलीचं कुठलं गाव, ते बसलंच नाही.
मोबाईलमध्ये तिनं पलंग दाखवला, बुटका,
कठड्यावर मासे रंगवलेले,
वर एक उशी, अजून कुणाचं डोकं न टेकलेली.

इथं कोणती भाषा, त्यानं इंग्रजीत विचारलं.
समोर पाटी आली,
अर्ध्या पाटीवर कुणीतरी रात्रीत डांबर फासलेलं.
म्हटलं, वाचा साहेब, जमतंय काय बघा.
तो हसला. कळलं नसणार.

शिशुगृहाच्या पायरीवर तीन दिवस बसलो मी,
आत शिक्के आपटूलाले होते.
शांतव्वा तिला कन्नडात भरवायची,
इंदूबाई मराठीत निजवायची,
म्हणून पोरीची भूक कन्नड आणि झोप मराठी.
यरगट्टीच्या बसस्टँडवर सापडली तेव्हा
कुठल्या भाषेत रडत होती, ते फाईलीत नाही.
फाईलीत एवढंच : तंगेव्वा,
वय तीन वर्षं दोन महिने, वजन अकरा किलो चारशे,
डाव्या कोपरावर भाजल्याची खूण.

आज निघालो.
पहिलं गेट पडलेलं. मालगाडी.
मागच्या सीटवर दोघांच्या मधी ती,
नव्या चपला एक नंबर मोठ्या,
पाय हलवले की टपटप वाजायच्या.
मग टपटप थांबली.
"ब्याड," ती म्हणाली.
कुणाकडं न बघता. मग परत,
"ब्याड. नंग ब्याड."

ऑर्नेलाचा चेहरा आरशात उतरला.
बॅड? व्हॉट इज बॅड?

ब्याड म्हणजे नको. मला नको.
इथल्या कुत्र्यालासुद्धा कळतंय ते.
खरं मी म्हणालो,
"बेड, मॅडम. बेड. स्लीप."
आणि गालाखाली हात धरून दाखवला,
मूकबधिर असल्यागत.

तिनं लगेच ओढणी पसरली.
पोरीचं डोकं मांडीवर घेऊन थापटूलाली,
चुकीच्या तालात, जरा जास्तच जोरात.
मी डबे मोजले. बावन्न.
आरशात बघायला नको म्हणून मोजले.

काय सांगायचं होतं मग?
चार वर्षं कागद भरलेत त्यांनी,
पगाराचे, घराचे, दातांचे सुद्धा.
आणि नको तर माझी धाकटीही म्हणायची,
बालवाडीच्या दारात, आठ दिवस, लोळून.
नवव्या दिवशी मागं वळून बघितलं नाही तिनं.
खरं ती दुपारी घरी यायची.

बसवण कुडचीजवळ पोरगी खरंच झोपली.
तोंड उघडं, लाळ ओढणीवर.
ऑर्नेलानं मला अंगठा दाखवला.

विमानतळावर सामान काढलं.
रेंझोच्या खांद्यावर ती जागी झाली,
एका मुठीत त्याची कॉलर,
दुसरा हात माझ्याकडं.
"बा," म्हणाली.
तो थांबला. ही काय म्हणते?

कन्नडात बा म्हणजे ये.
आमच्या गल्लीत म्हातारी माणसं
बापाला बा म्हणतात अजून.
एक हात तिकडं, एक इकडं,
कुठल्या हातानं बोलली ते मी कसं सांगू?

"फादर," मी म्हणालो.
त्यानं बॅग खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला,
घातला, परत काढला.
शिपाई ओरडला, गाडी फुडं घ्या.

रात्री इंदूबाईचा फोन.
झोपली काय रे गाडीत?
झोपली की.
मागनं शांतव्वाचा आवाज, "अत्तळेनो?"
रडली काय म्हणून.
"इल्ला," मी म्हणालो.

फोन ठेवेनात दोघीही.
भांडी घासल्याचा आवाज येत राहिला,
एक वाटी परत परत.